हाताचं माप

शुक्रवारी म्हापशात मी शिक्के घेऊन फिरतो.
वजनमापे खातं, वर्ग तीन.
चणेकराचं शेरभर माप, सुक्या बांगड्यांचा तराजू,
चोरिसांच्या माळा विकणाऱ्या क्लेमेंतीनची
तळ झिजलेली किलोची वजनं:
उलटी करायची, शिशाचा ठिपका बघायचा, ठोकायचा.
म्हणतात, माप भरायची जागा म्हणून हे म्हापसा.
खरं-खोटं मी मोजलेलं नाही.

फुलांच्या रांगेत मात्र माझा शिक्का निकामी.
जयवंती कळंगुटकर
अबोलीची फाती कोपराला लावते,
बोटांच्या टोकाशी दोरा तोडते.
एक हात. दर ठरलेला.
नियमात हात बसत नाही,
आणि हातावर शिक्का कसा मारणार?
गिऱ्हाइकं हुशार,
सुनेचा हात लांब म्हणून
ती चहाहून परत येईस्तोवर थांबतात.
मागच्या वर्षी मी पोलादी टेप लावली होती:
सासू त्रेचाळीस, सून सत्तेचाळीस.
म्हातारी म्हणाली, "सायबा, हाड वाढव म्हणून
कोणत्या खात्यात अर्ज करू?"

त्या शुक्रवारी रांगेत एक परदेशी बाई आली,
केस मिठासारखे, नाव यादरांका.
त्यांच्या बोलीत समुद्रावरून पडलेलं नाव, म्हणाली.
गाव दुब्रोव्हनिक. तटबंदी, बंदर,
पांढऱ्या दगडाचा एकच मोठा रस्ता,
पावलांनी इतका घासलेला
की पावसात त्यात माणसं उलटी दिसतात.
तिला गवंडाळीला जायचं होतं.

गवंडाळीला काय आहे?
कुंभारजुव्याच्या खाडीकडे उतरणारी वाट,
जांभ्याच्या भिंती, शेवाळ,
आणि सांव ब्रासाची लहानशी इगर्ज.
क्लेमेंतीन दर फेब्रुवारीत तिथे जाते.
बाजारात ओरडून बसलेला घसा
दोन मेणबत्त्यांच्या फुलीत धरते.
यादरांका म्हणाली, हाच आमचा संत.
आमच्या वेशीवर उभा असतो,
तळहातावर अख्खं शहर घेऊन.
तिकडचे व्यापारी इथवर आले होते म्हणतात,
मिऱ्यांच्या वासामागे.
राहिले, प्रार्थना केली, संपले.
जुन्या गोव्याच्या त्या सरळ रस्त्यावर
आता माड उभे आहेत,
कुणी भाव करत नाही.

दुपारी माझ्याच स्कूटरवर नेलं तिला.
वाटेत मी विचारलं (सवयच ती),
तळहातावरच्या शहराचं वजन किती?
ती हसली. पिशवीतून एक फीत काढली.
त्यांच्या चौकात एक दगडी सरदार आहे,
तलवार उपसून उभा.
त्याच्या कोपरापासून मनगटापर्यंतचा हात
हाच शेकडो वर्षं त्या शहराचा गज.
कापडावरून भांडण झालं
की दोघांनी त्याच्यापाशी जायचं.
फीत त्या हाताएवढी कापलेली होती.
मी टेप काढली. एक्कावन्न, वर थोडं.

स्कूटर थांबवून मी रस्त्याकडेला
बराच वेळ गप्प उभा होतो.
बावीस वर्षं नोकरी,
आणि हाताला शिक्का मारलेलं एक शहर होतं
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

इगर्ज बंद होती.
दारापुढे ती थोडी उभी राहिली,
दगडावर तळवा टेकवला, लाल होऊन परत आला.
तिकडचा दगड हाताला रंग देत नाही, म्हणाली.

परतताना बाजार उठत आला होता.
जयवंतीपुढे शेवटची दोन-तीन फाती.
यादरांकाने फीत तिच्या कोपराला लावली.
म्हातारीची बोटं संपली, फीत उरली.
"कुणाचो गो इतलो लांब हात?"
दगडाचा, मी म्हटलं.
"तरीच. दगडाक गुडघेदुखी खंय?"

मग तिने अबोली कोपराला लावली,
टोकाशी आली, दोरा तोडला नाही.
नेहमीसारखी वर चार बोटं सोडली,
हे प्रत्येकीला देते ती,
दरात नसतं, नियमात नसतं.
आणि तोडला.

त्रेचाळीस अधिक चार बोटं.
टेप खिशात होती.
मी काढली नाही.